सिनेमाच्या सीडीची किंमत आणि ग्राहकाचा राग

मागच्या वेळी आपण पाकिटावरच्या छापील किमतीबद्दल, म्हणजे एमआरपीबद्दल बोललो होतो. ती कोण ठरवतं, तिच्यात काय काय धरलेलं असतं, आणि दुकानदार तिच्यावर एक रुपयाही का घेऊ शकत नाही, हे पाहिलं. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, पण एका अशा वस्तूच्या निमित्ताने जी आता आपल्या घरातून जवळजवळ गेली आहे. सिनेमाची सीडी. व्हीसीडी, डीव्हीडी, नंतर आलेली ब्लू-रे, सगळं त्यात आलं.

तुम्ही म्हणाल, गेलेल्या वस्तूच्या किमतीवर आता बोलून काय उपयोग? उपयोग असा की चालू बाजारातल्या वस्तूबद्दल बोलताना आपलं डोकं तापलेलं असतं. सीडीची गोष्ट मात्र जन्मापासून शेवटापर्यंत आपल्यासमोर आहे. किमतीचे जेवढे म्हणून खेळ असतात, ते सगळे पंचवीसेक वर्षांत या एका वस्तूवर खेळून झाले. आणि आज मोबाइलवर सिनेमाचे पैसे भरताना आपली जी चिडचिड होते, तिचं मूळही तिथेच सापडतं.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो. २००५ च्या सुमाराला आम्ही एका मोठ्या दुकानातून ३९९ रुपयांना एक डीव्हीडी घेतली. तेव्हा ३९९ ही काही लहान रक्कम नव्हती. घरात आधी चर्चा झाली, मग घेतली, सगळ्यांनी मिळून पाहिली, आनंद झाला. सहा-सात महिन्यांनी त्याच दुकानात गेलो तर दाराशी एक मोठी टोपली, तिच्यावर पाटी, ‘कोणतीही ९९’. आणि टोपलीत आमचीच डीव्हीडी. तेच कव्हर, तोच सिनेमा. घरी आल्यावर आमच्याकडे जे बोलणं झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. (हशा)

पण मग आम्ही विचार करू लागलो. राग नेमका कशाचा आला? ३९९ जास्त होते म्हणून? ते तर आम्ही राजीखुशीने दिले होते. राग आला तो ९९ पाहिल्यावर. म्हणजे स्वस्त किंमत पाहून आम्ही चिडलो! हे विचित्र आहे ना? आज आपल्याला हेच कोडं सोडवायचं आहे.

डिस्क बनते कशी, आणि किमतीत असतं काय

आधी वस्तू समजून घेऊ. घरच्या संगणकावर आपण सीडी ‘राइट’ करतो, कारखान्यात तसं करत नाहीत. तिथे आधी काचेवर सिनेमाची मूळ प्रत कोरली जाते. तिच्यावरून निकेल धातूचा साचा बनतो. मग पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लॅस्टिक वितळवून त्या साच्यात दाबतात, काही सेकंदांत चकती बाहेर पडते, तिच्यावर अॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या अशा दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. एकदा साचा झाला की पुढचं काम चकल्या पाडण्यासारखं. सोऱ्या एकच, पीठ घालत राहायचं.

त्यामुळे मोठ्या संख्येने काढलेल्या एका चकतीचा खर्च काही रुपयांत येतो. मग बाकीचे पैसे कशाचे? सिनेमाच्या हक्कांचे, साच्याचे, कव्हर आणि डबीचे, वितरकाच्या आणि दुकानदाराच्या कमिशनचे, कराचे, जाहिरातीचे. यात सगळ्यात मोठी आणि सगळ्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे हक्क. पहिली प्रत बनायला कोट्यवधी रुपये लागतात, कारण सिनेमाच तेवढ्याचा असतो, आणि दुसरी प्रत काही रुपयांत निघते. पुस्तक, औषध, संगणकाचं सॉफ्टवेअर, सगळीकडे हेच आहे.

म्हणून ‘प्लॅस्टिकच्या चकतीचे चारशे रुपये?’ हा युक्तिवाद पूर्ण बरोबर नाही, हे आधी मान्य करू. आपण कागदाच्या वजनावर पुस्तक घेत नाही. पण अडचण पुढे आहे. किंमत जर खर्चाला बांधलेली नसेल, तर ती कशाला बांधलेली असते? उत्तर सोपं आहे: गिऱ्हाईक किती देईल याला. आणि प्रत्येक गिऱ्हाईक वेगळं देतं. उतावळा जास्त देतो, थांबणारा कमी देतो. श्रीमंत देशातला जास्त देतो, आपल्याकडचा कमी देतो. घरी पाहणारा एक रक्कम देईल, भाड्याने देणारा दुकानदार दुसरी. मग विकणारा काय करतो? या माणसांना वेगवेगळं ओळखण्याच्या युक्त्या काढतो. अशा तीन युक्त्या पाहू.

पहिली युक्ती: दुकानदार वेगळा, घर वेगळं

ही गोष्ट अमेरिकेतली, व्हिडिओ कॅसेटच्या काळातली. तिथल्या कायद्यात ‘पहिल्या विक्रीचा’ एक जुना नियम आहे. १९०८ साली पुस्तकांच्या एका खटल्यात तो तिथल्या सुप्रीम कोर्टाने मांडला. प्रत एकदा विकली की त्या प्रतीवरचा विकणाऱ्याचा ताबा संपला. घेणाऱ्याने ती पुढे विकावी किंवा कोणाला द्यावी. त्यामुळे व्हिडिओ लायब्ररीवाला एक कॅसेट विकत घ्यायचा आणि शंभर वेळा भाड्याने द्यायचा. त्या भाड्यातला एक पैसाही सिनेमा कंपनीला कायद्याने मिळत नसे.

कंपन्यांनी त्यावर उपाय काढला. नव्या सिनेमाच्या कॅसेटची किंमतच ८०-९० डॉलर ठेवायची. शंभर भाड्यांचा हिस्सा पहिल्याच विक्रीत वसूल. लायब्ररीवाल्याला ते परवडत होतं. पण घरी ठेवायला एक कॅसेट हवी असलेल्या माणसाने काय करायचं? त्यालाही तेच ८०-९० डॉलर. ती किंमत त्याच्यासाठी नव्हतीच, पण तसं त्याला कोणी सांगत नव्हतं. त्याने थांबायचं. काही महिन्यांनी, भाड्याचा धंदा ओसरला की, तीच कॅसेट वीस-पंचवीस डॉलरला येई.

काही सिनेमे मात्र सुरुवातीलाच स्वस्त आणले गेले. १९८७ मध्ये ‘टॉप गन’ची कॅसेट २६.९५ डॉलरला आली, सिनेमाच्या आधी एका शीतपेयाची जाहिरात घालून. आणि ती प्रचंड खपली. लोकांना सिनेमे घरी ठेवायला हवे होते, फक्त किंमत आवाक्यात हवी होती, हे त्यातून दिसलं. पुढे १९९६ मध्ये जपानात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली, ती बहुतांशी ‘घरी ठेवा’ याच किमतीत.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क प्रत विकल्यानंतरही हक्कदाराकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथे ‘व्यावसायिक भाडं’ असे शब्द आले. डबीवर तुम्ही वाचलं असेल, ‘फक्त घरगुती वापरासाठी’. गल्लीतली सीडी लायब्ररी तरीही चालायची, अनामत घ्यायची, दिवसाला दहा-वीस रुपये घ्यायची, ती गोष्ट निराळी. पण कागदोपत्री आपण विकत घेत होतो ती प्रत आणि तिचा ठरावीक वापर. हे लक्षात ठेवा, शेवटी आपण इथे परत येणार आहोत.

दुसरी युक्ती: देश वेगळा

डीव्हीडी आणताना जगाचे सहा विभाग पाडले गेले. अमेरिका-कॅनडा पहिला, युरोप आणि जपान दुसरा, आणि भारत पाचवा. पाचव्यात आपल्याबरोबर रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग. एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालू नये, अशी यंत्रातच सोय. कारण दिलं गेलं ते असं की सिनेमा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वेळी थिएटरला लागतो. ते खरंही होतं. पण त्यातून दुसरी गोष्टही साधत होती: एका देशातली स्वस्त डिस्क दुसऱ्या देशातल्या महाग बाजारात जाऊ नये.

आता सामान्य माणसाला हे कुठे भेटतं? अमेरिकेहून आलेला भाचा कौतुकाने इंग्रजी सिनेमांच्या चार डीव्हीडी आणतो. डॉलर मोजून घेतलेल्या, अस्सल. आपल्या प्लेअरमध्ये घातल्या की पडद्यावर ‘चुकीचा विभाग’. संगणकात घातल्या तर संगणक विचारतो, विभाग बदलायचा का? पण फक्त पाच वेळा बदलता येईल, मग कायमचा कुलूपबंद. इकडे स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर घेतलेली, एका डिस्कमध्ये तीन सिनेमे असलेली चोरटी डीव्हीडी कोणत्याही प्लेअरवर बिनतक्रार चालते. पैसे भरून अस्सल वस्तू घेणाऱ्याला कुलूप, आणि चोरट्या मालाला मोकळं दार. वर अस्सल डिस्कवर ‘चोरी करू नका’ ही सूचना पुढे ढकलताही येत नाही. ज्याने चोरी केली नाही, त्यालाच ती दर वेळी पाहावी लागते! (हशा) आमच्या मते सीडीच्या ग्राहकाला सगळ्यात जास्त दुखावलं ते इथे. हा अनुभव किमतीचाच भाग आहे, फक्त तो डबीवर छापलेला नसतो.

हिंदी सिनेमांच्या बहुतेक डीव्हीडींवर मात्र अशी विभागबंदी नसे. आपले लोक दुबईत आहेत, लंडनमध्ये आहेत, न्यू जर्सीत आहेत, त्या सगळ्यांकडे चाललं पाहिजे, हा साधा व्यवहार.

तिसरी युक्ती: वेळ वेगळी

आधी साधी आवृत्ती, मग ‘विशेष’, मग ‘विस्तारित’, मग ‘वर्धापनदिन’. खरा चाहता प्रत्येक वेळी पैसे देतो, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग डीव्हीडीवर ऑगस्ट २००२ मध्ये आला आणि त्याचीच लांब आवृत्ती नोव्हेंबर २००२ मध्ये. पण तेव्हा दुसरी येणार आहे हे आधीच जाहीर केलेलं होतं, म्हणून फारसं कोणी चिडलं नाही. ज्याला जी हवी ती त्याने घेतली. पुढे ब्लू-रेवर तिन्ही भाग आले ते एप्रिल २०१० मध्ये, फक्त थिएटरमधल्या आवृत्तीत. लांब आवृत्तीसाठी जून २०११ उजाडला. या वेळी चाहते चांगलेच वैतागले. गंमत बघा, सिनेमा तोच, कंपन्याही त्याच आणि दोनदा विकण्याची पद्धतही तीच. पण एकदा लोकांनी समजून घेतलं आणि एकदा नाही.

हापूस आणि फावडं

आता आपल्या कोड्याकडे येऊ. मार्चच्या सुरुवातीला हापूसची पेटी काय भावाने मिळते आणि मेच्या शेवटी काय भावाने, हे तुम्हाला माहीत आहे. मार्चमध्ये पेटी घेणारा मेमध्ये आंबेवाल्याच्या अंगावर धावून जातो का? नाही. कारण त्याला कारण दिसतं. मार्चमध्ये झाडावर आंबा कमी असतो, मेमध्ये ढीग असतो.

१९८६ साली डॅनियल काह्नेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या लोकांना त्यांनी फोनवर विचारलं: एक हार्डवेअरचं दुकान बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला विकतं. रात्री मोठा हिमवर्षाव झाला. सकाळी दुकानदाराने किंमत २० डॉलर केली. हे योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोक म्हणाले, अयोग्य. दुकानदाराचा खर्च वाढला म्हणून त्याने भाव वाढवला, तर लोक समजून घेतात. आपली नड पाहून वाढवला, तर घेत नाहीत. या अभ्यासातून निघालेली गोष्ट ही.

आता सीडी. पहिल्या महिन्यात सीडी दुर्मीळ असते का? साचा तयार आहे, लाखभर चकत्या पडू शकतात. टंचाई नाही. ३९९ ही किंमत होती आमच्या उतावीळपणाची, आणि ९९ ची पाटी पाहिल्यावर ते आमच्या लक्षात आलं. स्वस्त किंमत पाहून माणूस चिडतो तो यासाठी. त्याला कळतं की पहिली किंमत वस्तूची नव्हती, आपली होती. दुकानदाराने वस्तू तोलली नाही, आपल्याला तोललं.

म्हणून ग्राहकाच्या रागाला नुसतं ‘फुकट्यांची कुरकुर’ म्हणून झटकून टाकू नये. तो न्यायाचा प्रश्न विचारत असतो: मला ही किंमत का, याचं तोंडावर सांगता येईल असं कारण आहे का?

२८ रुपयांचा प्रयोग

या प्रश्नाला आपल्या देशात एक मोठं उत्तर मिळालं. २००७ सालची गोष्ट. मोझर बेअर ही कंपनी तुम्हाला कोऱ्या सीडींमुळे आठवत असेल. १९८३ मध्ये सुरू झालेली, दिल्लीजवळ नोएडा परिसरात कारखाने, आणि कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. चकती कितीला पडते हे तिला पैशापर्यंत माहीत. तिने अनेक भारतीय भाषांतल्या सिनेमांचे हक्क घेतले आणि जाहीर केलं: व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये.

तोपर्यंत, आमच्या आठवणीप्रमाणे, साधी अधिकृत व्हीसीडी शंभराच्या आसपास पडायची आणि डीव्हीडी त्याच्या दुप्पट-तिप्पट. फुटपाथवरचा चोरटा माल तीस ते पन्नास. म्हणजे नव्या कंपनीने आपली स्पर्धा दुसऱ्या कंपनीशी धरलीच नाही, थेट फुटपाथशी धरली. सीडी स्टेशनरीच्या दुकानात दिसू लागल्या, किराणा दुकानाच्या काउंटरवर दिसू लागल्या. आमच्या ओळखीची कितीतरी घरं, जिथे आयुष्यात अधिकृत सीडी आली नव्हती, तिथे दहा-दहा, वीस-वीस सीडी झाल्या. जुना आवडता सिनेमा, मुलांची गोष्ट, आजीसाठी पौराणिक चित्रपट. इतर कंपन्यांनाही आपल्या जुन्या सिनेमांचे भाव खाली आणावे लागले. १९८० च्या दशकात गाण्यांच्या कॅसेटच्या बाबतीत टी-सिरीजने जे केलं होतं, त्याचीच ही पुढची आवृत्ती म्हणा.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २८ रुपयांत येत होते ते मुख्यतः जुने सिनेमे. नवा सिनेमा त्या भावात देणं निर्मात्याला परवडणारं नव्हतं. डबी जाऊन पातळ पाकीट आलं. एका डीव्हीडीत दोन-तीन सिनेमे कोंबले की चित्राचा दर्जा घसरायचा. आणि बाजार पुढे सरकला. वाहिन्यांवर नवे सिनेमे लवकर येऊ लागले, पेन ड्राइव्ह आला, इंटरनेट आलं. कोऱ्या डिस्कचीच मागणी आटली, कंपनीवर सौरऊर्जेच्या व्यवसायातल्या कर्जाचाही बोजा झाला, आणि २०१८ मध्ये ती अवसायनात गेली.

त्यामुळे ‘स्वस्त विका म्हणजे सगळं ठीक होईल’ असं आम्ही म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्या प्रयोगाने दाखवली. ‘लोकांना फुकटच हवं असतं’ हे खरं नाही. फुटपाथच्या भावात सरळ मार्गाची वस्तू मिळाली, तेव्हा असंख्य लोकांनी ती घेतली.

डिस्क गेली, मग आता काय

आज आपण महिन्याचे पैसे भरतो आणि हजारो सिनेमे समोर येतात. किंमतीचा प्रश्न सुटला असं वाटतं. पण मघाशी म्हटलं तसं आता परत येऊ: आपण नेमकं काय विकत घेतो?

३९९ च्या त्या डीव्हीडीवर आम्ही चिडलो खरे, पण ती अजून आमच्या कपाटात आहे. प्लेअर चालतो तोवर ती चालेल. कोणी रात्रीतून येऊन ती काढून नेणार नाही. मोबाइलवर ‘बाय’चं बटण दाबून घेतलेल्या सिनेमाचं तसं नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने आपल्या प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की डिस्कव्हरीचे जे कार्यक्रम तुम्ही विकत घेतले आहेत, ते तुमच्या संग्रहातून जातील. ओरड झाली, नवा करार झाला आणि निर्णय मागे घेतला गेला. पण तसं होऊ शकतं हे लोकांना दिसलं. त्यानंतर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. डिजिटल वस्तूच्या बाबतीत ‘बाय’ म्हणायचं असेल, तर ग्राहकाला मिळतो तो फक्त परवाना, हे स्पष्ट सांगावं लागतं.

मराठी प्रेक्षकाला हे जास्त लागू आहे. आपल्या कपाटात अशा व्हीसीडी असतील की तो सिनेमा किंवा ते नाटक आज कोणत्याच ॲपवर सापडत नाही. दोन डिस्कचं पाकीट, मध्यंतरात उठून दुसरी घालायची, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह. असेना का. तीच शिल्लक प्रत आहे. कृपा करून ती रद्दीत देऊ नका.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: मग सुरुवातीला जास्त किंमत लावणं चूकच आहे का?*

नाही. कोणीतरी सुरुवातीला जास्त देतं म्हणूनच नंतर बाकीच्यांना स्वस्त मिळतं, हेही खरं आहे. आमचं म्हणणं एवढंच की ते आधी सांगा. ‘सहा महिन्यांनी स्वस्त होईल’, ‘लांब आवृत्ती पुढे येणार आहे’ असं सांगितलं तर घाई असलेला तरीही घेईल, पण त्याला फसल्यासारखं वाटणार नाही.

*प्रश्न: आम्ही ग्राहकांनी काय करायचं?*

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, मला वस्तू मिळते आहे की वापराची परवानगी? दोन, ती कुठे आणि किती काळ चालेल? तीन, मी थांबलो तर काय होईल? तिसऱ्याचं उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर सरळ थांबा. त्या टोपलीसमोर उभे राहिलो त्या दिवसापासून आमच्या घरात तरी हाच नियम आहे.